कबरी गायीची लाथ

॥ श्री ॥
मु. बेहळटोला, ता. आमगाव, जि. गोंदिया
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. रंजिता हिस,
बापाचा आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तू नागपूरला ठीक असशील. नऊ वर्षांनी कागद लिहितो आहे, अक्षर बिघडलं आहे, समजून घे. तुझा पत्ता देवाच्या फळीवर फोटोमागे सापडला. मागच्या हिवाळ्यात तू आईला स्वेटर पाठवलं होतंस, त्या खोक्यावरचा पत्ता तिनं कापून ठेवला होता. मला माहीत नव्हतं. आता झालं माहीत. माझं त्यावर काही म्हणणं नाही.

धान कापून झालं. भाऱ्यांचं पुंजणं रचलं आहे, पण थ्रेशरवाला आज येतो, उद्या येतो करून राहिला. आभाळ आलं की मला धडकी भरते. रानडुकरांची वेगळी भीती. बीपीची गोळी चालू आहे, तरी छातीत धडधड होते. ते असो.

लिहिण्याचं कारण असं की आईचं पोट दुखतं आहे. काल शनिवारी सकाळपासून. शुक्रवारी तिनं खळ्यात धानाचा भारा उचलला, तेव्हाच काहीतरी ताणलं. भारा मोठा होता. मी नको म्हणालो होतो.

काल मनिराम डॉक्टर घरी येऊन गेले. भला माणूस आहे. त्यांनी तिला खाटेवर झोपवलं, हात छातीवर ठेवायला लावले आणि म्हणाले, आता नुसतं डोकं वर उचला. तिनं उचललं आणि ओरडली. डॉक्टर म्हणाले, डोकं उचललं की पोटाचा स्नायू ताठ होतो. त्यानं दुखणं वाढलं, म्हणजे दुखणं वरचं आहे, आतलं नाही. लचक आहे. एक सुई टोचली, गोळ्या दिल्या, आराम करा म्हणाले.

मी निवांत झालो होतो. पण पानठेल्यावर हिरालाल भेटला. मागच्या साली त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला शर्ट वर करून टाके दाखवतो. तो म्हणाला, "यादोराव, माह्यं बी बेंबीपासूनच सुरू झालं होतं. मंग खाली उजवीकडे सरकलं." मी म्हणालो, तुझं वेगळं, हिची लचक आहे. घरी आलो तर ही उजवीकडे खाली हात धरून बसलेली. काल बेंबीजवळ सांगत होती. कालपासून दोनदा उलटी झाली. अन्न नको म्हणते, चहासुद्धा नको म्हणते. लचकीनं माणसाची भूक जाते का? मला कमरेत चमक भरायची तेव्हा मी चार भाकरी खायचो.

तू दवाखान्यात नर्स आहेस. मला एवढंच लिही की लचक आणि अपेंडिक्स यांत फरक कसा ओळखायचा. पोस्टकार्डावर लिहिलंस तरी चालेल. साधं लिही, मी सातवी शिकलेला माणूस आहे. आईचा फोन बोडीच्या पाण्यात पडला, त्यामुळे तुझा नंबर कुणाजवळ नाही. म्हणून कागद.

एक सांगायचं राहिलं. आज दुपारी ती कण्हतच होती. मग मी पाय लावला. मी पायाळू माणूस, पाय आधी बाहेर येऊन जन्मलेला. उसण भरो, चमक निघो, लोक अजून माझ्याकडे येतात, तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात फुलचूरचा एक मास्तर मोटारसायकलवरून आला होता, कमरेत वाकलेला. उजवा पाय तीनदा लावला, सरळ होऊन गेला. तसाच आईच्या पोटाला लावला. हळूच. दुखऱ्या जागी थोडं दाबलं.

तुला खोटं वाटेल. एकदम ओरडली आणि मग घडीभरात दुखणं थांबलं. "आता बरं वाटून राहिलं," असं स्वतः म्हणाली. आत्ता झोपली आहे. म्हणजे लचकच होती. तू या पायाला काय केलं होतंस ते मी काढत नाही, पण त्याच्यात गुण अजून आहे.

आज रविवार, पोस्ट बंद. उद्या टाकतो. तोपर्यंत ती बरी झालेली असेल, तरी तू उत्तर लिही.

तुझा बाप,
यादोराव


गोंदिया, दवाखान्यातून
मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर

रंजिता,

आधीचा कागद पोस्टात पडला नाही. खिशातच आहे. कुर्त्याला उलटीचा डाग आहे, कागदालाही लागला आहे.

सोमवारी पहाटे तिला हात लावला तर तव्यासारखी तापलेली. पोट धुण्याच्या पाटासारखं कडक. मी चैतरामला हाक मारली. आपल्या शेजारचा, आता ऑटो चालवतो. दोघांनी उचलून ऑटोत टाकली. मला वाटत होतं आमगावला नेऊ, पण चैतराम म्हणाला, "नाही काका, सिद्धं गोंदियाले."

त्या रस्त्याचं तुला काय सांगू. प्रत्येक खड्ड्याला ती ओरडायची. मी इतक्या वर्षांत तिचं ओरडणं ऐकलं आहे, पण हे ओरडणं वेगळं होतं. यात कुणाची भीती नव्हती. फुलचूरला ब्रेकर आले तेव्हा तिनं पदर तोंडात कोंबला आणि चावला. चैतराम रडत रडत गाडी हाकत होता. तिनं पदर काढून त्याला म्हटलं, "बापू, उडवू नको रे. आतमंदी कोणी सुरी फिरवून राहिलं."

मी म्हणालो, "अवं, लचक आहे, धीर धर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पदर तोंडात घातला.

दवाखान्यात एक मॅडम होत्या, तुझ्याच वयाच्या. पोट कापणाऱ्या डॉक्टर. त्यांनी आईच्या पोटावर बोटं ठेवून हळूहळू दाबलं, आई गप्प. आणि एकदम हात काढला तर आई खाटेवरून उसळली. दाबताना नाही, सोडताना. मॅडमनी नर्सला काहीतरी सांगितलं आणि सगळे धावायला लागले. मशीन लावून पाहिलं. मग मॅडमनी लुगडं अजून खाली केलं. तिथं काळंनिळं होतं. तळहाताएवढं.

"हे काय?"

मी तोंड उघडायच्या आधी आई म्हणाली, "गायीनं लाथ मारली जी."

"कधी?"

"शुक्रवारी."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "कोणती गाय, काका?"

मी म्हणालो, "कबरी."

त्या एवढंच म्हणाल्या, "मी गावाकडचीच मुलगी आहे, काका. गायीची लाथ मी पाहिली आहे." मग खाट आत ढकलली. मी बाहेर उभा राहिलो. जोड्यांच्या ढिगाजवळ. माझी एक चप्पल घाईत घरीच राहिली होती, ते मला तेव्हा दिसलं.

दोन तासांनी मॅडम बाहेर आल्या. अपेंडिक्स. फुटलेलं. पोटभर पू. धुतलं म्हणाल्या, आतून पाण्यानं धुतलं, नळी ठेवली आहे. जगेल का विचारलं तर म्हणाल्या, दोन दिवस गेल्यावर विचारा. मग त्यांनीच मला विचारलं, "काल परवा कधी दुखणं एकदम कमी झालं होतं का?"

मी म्हणालो, हो, रविवारी दुपारी.

"तेव्हाच फुटलं असेल. फुटलं की आतला ताण जातो, पेशंटला वाटतं बरं झालं. मग विष सगळीकडे पसरतं."

रंजिता, मी त्यांना पायाचं सांगितलं नाही.

तेवढ्यात मनिराम डॉक्टर आले. बिचारे आमगावहून बसनं आले होते, हातात केळी घेऊन. मी त्यांना पाहिलं आणि माझ्या डोळ्यासमोर लाल झालं. धरली कॉलर. "तू लचक म्हणला! तू म्हणला वरचं आहे!" आणि थोबाडीत मारली. एक नाही, तीन. त्यांचा चष्मा पडला, त्यावर माझाच पाय पडला. चैतराम मध्ये पडला तर त्यालाही कोपर लागलं, त्याच्या नाकातून रक्त आलं. केळी सगळीकडे. रखवालदारानं मला मागून धरलं आणि भिंतीवर दाबलं. माझा दात हलला आहे.

मनिराम डॉक्टर चष्म्याच्या काचा गोळा करत होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "यादोरावजी, म्या दोनदा विचारलं होतं. मार लागला का, पडल्या का. दोनदा विचारलं का नाही?"

मी म्हणालो, "डॉक्टर तू हायस का मी?"

आता तू सांग, चूक कुणाची. हातात सुई घेऊन हिंडणाऱ्या माणसाला वरचं आणि आतलं कळायला नको? डोकं उचलायला लावून एवढं मोठं ठरवतात का? मी अडाणी माणूस. मला भारा दिसला, मी भारा सांगितला.

ती अजून डोळे उघडत नाही. तोंडात नळी, नाकात नळी, बाजूला पिशवी. पिशवीतला रंग मी पाहत नाही. आता नर्स हाकलून राहिली आहे, कागद बंद करतो.


गोंदिया, दवाखान्यातून
गुरुवार, दि. २० नोव्हेंबर

रंजू,

काल आईनं डोळे उघडले. मॅडम म्हणाल्या, वाचली. ताप उतरतो आहे. नळी आहे, पण वाचली. हे आधी लिहितो, कारण वरचं वाचून तुझं काय झालं असेल.

तिन्ही कागद एकत्र पाठवतो आहे. चैतरामची पोरगी भूमिका नागपूरला शिकते. ती उद्याच्या गाडीनं जाते आहे, तुझ्या हातातच देईल. पहिले दोन फाडायला घेतले होते, फाडले नाहीत. मी कसा लिहितो ते तुला दिसू दे.

आता जे झालं ते.

भारा नव्हता. फोन बोडीत पडला नव्हता.

दर शुक्रवारी मी आमगावला मिलवर जातो, तेव्हा ती तुला फोन करते, हे मला आता कळलं. त्या शुक्रवारी मिल बंद होती, मी लवकर परतलो. खळ्यात पुंजण्याच्या मागे तिचा आवाज आला. हसत होती. मी आड उभा राहून ऐकलं. ती म्हणत होती, "हव, येतो ना. धान निघू दे, मंग येतो. कायमचीच येतो." तुझ्याशीच बोलत होती, तुला आठवत असेल. तिचं तसं हसणं मी आपल्या घरात कधी ऐकलं ते मला आठवेना. त्याचाच मला राग आला. जाण्याचा नंतर आला.

फोन बंद करून ती तो धानाच्या ढोलीत लपवायला निघाली, मी समोर आलो.

"कुठं जातं कायमची?"

तिनं खोटं नाही सांगितलं. मला वाटलं होतं सांगेल. म्हणाली, "रंजूकडे."

मी फोन हिसकला, बोडीच्या काठच्या दगडावर आपटला आणि पाण्यात फेकला. ती उभीच. म्हणाली, "फोडा. नंबर दुसरीकडूनबी मिळते."

मी लाथ मारली. उजवा पाय तू मोडला होतास, त्यात आता जोर नाही. ही डाव्या पायाची होती. पोटात, खाली, उजवीकडे. ती भाऱ्यावर पडली. आवाज नाही केला. उठली, केसांतली तणस काढली, आणि राहिलेला भारा बांधून टाकला. संध्याकाळी वांग्याची भाजी केली. मी जेवलो.

शनिवारी पोट दुखायला लागलं तेव्हा मला वाटलं, माझ्या लाथेनंच दुखतं आहे. ती कण्हली की मला वाटायचं, मला सांगून राहिली, गावाला सांगून राहिली. म्हणून मनिराम डॉक्टर दारात आले तसा मीच पुढं होऊन म्हणालो, भारा उचलला तिनं. त्यांनी विचारलं, मार लागला का. मी नाही म्हणालो. त्यांनी तिला विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाराच जी." उलट्यांचं त्यांनी विचारलं तर मी म्हणालो, गोळ्या सोसत नाहीत तिला. एकही गोळी तोवर पोटात गेली नव्हती.

काल संध्याकाळी मी मॅडमना सगळं सांगितलं. उभा राहून. लाथ सांगितली, भारा सांगितला, पायाळूपण सांगितलं. त्यांनी कागदावर लिहिणं थांबवलं. मी विचारलं, लाथेनं झालं का हे. मला ते ऐकायचं होतं. हो म्हणाल्या असत्या तर बरं होतं, माणूस एका जागी तरी बसला असता.

त्या म्हणाल्या, "लाथेनं अपेंडिक्स सहसा होत नाही. ते आपलं आपण सुरू झालं असेल. पण काका, तिच्या पोटात दोन दुखणी होती. वरच्या स्नायूला तुमची लाथ लागली होती, म्हणून डोकं उचलताना दुखलं. ते खरंच लचकीसारखं होतं. आणि आत अपेंडिक्स पेटत होतं. लचकीनं भूक जात नाही, ताप येत नाही, दुखणं बेंबीपासून खाली सरकत नाही. हे सगळं ती दाखवत होती. डॉक्टरला वरचं दुखणं सापडलं आणि ते तिथंच थांबले. तुम्ही त्यांना तिथं थांबवलंत. लाथेचं सांगितलं असतं तर त्यांनी शनिवारीच इकडे पाठवलं असतं, पोटाचा फोटो काढला असता, आतलं दिसलं असतं."

मग मी पायाचं विचारलं. पाय लावल्यानं फुटलं का?

"नाही सांगता येत. आपणहूनही फुटलं असतं. पण पेटलेल्या पोटावर पाय देतं का कुणी?"

एवढंच. मला कुणी नीट सांगत नाही, रंजू. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

आज सकाळी एक गंमत ऐक. चैतरामनं वॉर्डाबाहेर कुणाला तरी सांगितलं असेल की काका पायाळू आहेत. शेजारच्या खाटेवरल्या बाईचा नवरा, देवरीकडचा, कमरेत चमक भरलेला. मी बाकड्यावर बसलो होतो, तो आला, शर्ट वर केला आणि माझ्यासमोर फरशीवर पालथा झोपला. "लावा जी काका पाय. उपकार होतील." मी उठून पळालो. जिना उतरून नळापाशी जाऊन उभा राहिलो. तो बिचारा किती वेळ तसाच पडून होता कोण जाणे.

पोलीस चौकीचा हवालदार आला होता. अंगावर मार असला की दवाखान्यातून चौकीला कळवतात म्हणे. आईनं त्याला सांगितलं, गायीनं लाथ मारली. त्यानं लिहिलं, तिची सही घेतली. तुझी आई सही करते, मला वाटत होतं अंगठा लावते. तू शिकवलीस का?

तो गेल्यावर मी तिच्या खाटेशी बसलो. विचारलं, "कबरीचं काऊन सांगितलं?"

तिचा आवाज अजून नळीनं सोललेला आहे. म्हणाली, "विकल्या गायीले कोणी बेड्या नाही टाकत."

रंजू, कबरी तू बारावीत होतीस तेव्हा विकली. पण त्याच्या आधीचं मला आज आठवून राहिलं. तू तिसरीत होतीस. आई तुला शाळेत सोडायला गेली, तिचा ओठ फुटलेला होता. बाईंनी तुला विचारलं, काय झालं गं आईला. तू म्हणालीस, कबरीनं शिंग मारलं. बाईंनी मला बाजारात भेटून सांगितलं, गाय बांधून ठेवत जा म्हणाल्या. मी हव म्हणालो. घरी येऊन मी आईला विचारलं, पोरीला तू शिकवलं का. नाही म्हणाली. तुला कुणीच शिकवलं नव्हतं. तू आपणहून सांगितलंस, आठ वर्षांची असताना. तेव्हा मला बरं वाटलं होतं. पोरगी हुशार निघाली, असं वाटलं होतं.

मी चौकीत गेलो. हवालदार चहा पीत होता. मी म्हणालो, "गाय नाही जी. म्या मारली. लिहा."

"बाबा, बाईचं बयान झालं, सही झाली. आता कायले भानगड वाढवता? म्हातारपणी चकरा मारता का कोर्टाच्या?"

"लिहा."

तो हसत म्हणाला, "कोणत्या पायानं मारली?"

मी म्हणालो, "डाव्या."

मग तो हसायचा थांबला. कागद ओढला. मी सांगितलं तसं लिहिलं, मी सही केली. आता त्याचं काय करायचं ते ते करतील. मनिराम डॉक्टरांच्या पायावर डोकं ठेवायला गेलो होतो, त्यांनी पाय मागे घेतले. चष्मा तुटल्यामुळे त्यांना मी कोण ते आधी ओळखूच आलं नाही.

आईला सांगितलं, बयान बदलून आलो. मला वाटलं काही चांगलं बोलेल. म्हणाली, "आज काऊन? इतकी वर्षं गायीले बोल लागला, तेव्हा नाही लाज वाटली?" आणि तोंड भिंतीकडे केलं. टाक्यांमुळे तिला कूस बदलता येत नाही, फक्त तोंड वळलं.

थोड्या वेळानं तशीच, भिंतीकडे पाहत म्हणाली, "रंजूले कागद लिहा."

"लिहिलाच आहे. दोन लिहिले."

"ते नाही. मी सांगतो ते लिहा. भूमिकाजवळून लिहून घेऊ नका. तुमच्या हातानं लिहा."

"काय लिहू?"

तिनं सांगितलं. ते एकच वाक्य आहे. त्यासाठी मी हा कागद दुपारी सुरू केला आणि आता उन्हं कलली, तरी ते सोडून दुसरंच लिहून राहिलो. फोनचं लिहिलं, पोलिसाचं लिहिलं, त्या देवरीच्या माणसाचं लिहिलं.

"आणि धान?" मी विचारलं तिला. माझ्या तोंडून तेच निघालं, काय करू.

"धान तुमी काढा," ती म्हणाली.

बायकांचा वॉर्ड, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. नळी काढायला चार-पाच दिवस आहेत, मग प्रवास करू शकेल असं मॅडम म्हणाल्या. तू नर्स आहेस, काय सोबत आणायचं ते तुला कळतं. ट्रेननं ने, ऑटोनं नको. ब्रेकर फार आहेत. ती तुला सांगणार नाही, पण तिला तहान लागते आणि पाणी देत नाहीत, तिच्या ओठाला ओला कापूस लाव. तू येशील तेव्हा मी वॉर्डात नसेन. जिन्याखाली नळाजवळ बाकडं आहे, तिथं असेन. माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही.

घर सोडताना तू जे म्हणाली होतीस ते मी विसरलो नाही. मुसळ हातात होतं तुझ्या, माझा उजवा पाय मोडून पडला होता, आणि तू म्हणालीस, पुन्हा आईला पाय लावला तर दुसराही मोडीन. मी दोन्ही लावले, रंजू. एकानं मारलं, एकानं बरं करायला गेलो. उजवा थंडीत ठणकतो. डावा अजून धड आहे. मुसळ दाराच्या मागे आहे, तू उभं केलंस तसंच. नऊ वर्षांत आईनं ते तिथून हलवलं नाही, आणि मीही नाही.

आता तिचं वाक्य लिहितो. तिच्या शब्दांत आहे, माझ्या हातानं:

रंजू, मले इथून घेऊन जा.

यादोराव

(पहिल्या कागदाच्या वर ‘बापाचा आशीर्वाद’ लिहिलं आहे. ते खोडलं नाही. खोडायचं असेल तर तू खोड.)